वडिलांची ‘बॅटरी उतरली’ म्हणून सलाईन लावायचं का?

चोपडा तालुक्यातल्या एका भावाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: वडील ५८ वर्षांचे, केळीची शेती, बीपी आणि शुगर दोन्ही, बिडीची सवय. अडीच महिन्यांपूर्वी सकाळी सहाला डावा हात गळाला, तोंड वाकडं झालं. ‘उतरेल थोड्या वेळात’ म्हणून वाट पाहिली, मग कुठल्याशा गावी लकव्याचं औषध घ्यायला नेलं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत दुपारचे तीन वाजले. आता काठी धरून चालतात, पण अंगात जीव नाही, दिवसभर ओट्यावर बसून असतात. ओळखीतल्या कुणी एका केंद्राचा पत्ता दिला. तिथे सांगितलं की मेंदूच्या पेशींमधले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा बनवणारे कण, मेलेत, बॅटरी उतरली आहे. दहा सलाईन आणि तीन महिन्यांची पावडर घ्या, ६२ हजार होतील. कोलेस्टेरॉलची गोळी बंद करा, ती मायटोकॉन्ड्रिया मारते. आत्याला कंपवात (पार्किन्सन) आहे, तिलाही हाच कोर्स चालेल म्हणे. भाऊंचा प्रश्न: यात खरं किती, आणि पैसे उभे करायचे का?

मी जळगावात २४ वर्षं मेंदूविकारांची ओपीडी चालवतो. तुम्ही विचारलंत सलाईनचं, पण मला खटकली ती गोळी. ती बंद केली असेल तर उत्तर इथेच सोडा आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन करा. सलाईनने बहुतेक वेळा खिसा रिकामा होतो, एवढंच. गोळी सोडल्याने दुसरा झटका येऊ शकतो, आणि पहिल्या झटक्यानंतरचे सुरुवातीचे महिने त्या दृष्टीने सगळ्यात नाजूक असतात.

हे मी गुठळीने झालेला लकवा गृहीत धरून लिहितो आहे. डिस्चार्ज कार्ड काढा. त्यावर ‘इन्फार्क्ट’ लिहिलं असेल तर गुठळी, ‘हेमरेज’ असेल तर रक्तस्राव. रक्तस्राव असेल तर गोळीचं गणित वेगळं आहे आणि ते कार्ड न बघता मी सांगू शकत नाही. गुठळीच्या बाबतीत २००६ साली आलेला एक मोठा अभ्यास आहे. ४,७३१ रुग्ण, निम्म्यांना ॲटोरव्हास्टॅटिन (‘स्टॅटिन’ गटातली कोलेस्टेरॉलची गोळी), निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. साधारण पाच वर्षांत रिकाम्या गोळीवाल्यांत शंभरातल्या १३ जणांना पुन्हा झटका आला, औषधवाल्यांत ११ जणांना. फरक छोटा वाटतो, पण त्या दोघांच्या घरी विचारा.

मग ‘ती मायटोकॉन्ड्रिया मारते’ हे आलं कुठून? अर्धं खरं आहे, म्हणूनच पटतं. यकृतात कोलेस्टेरॉल ज्या वाटेने तयार होतं, त्याच वाटेच्या एका फाट्यावर कोएन्झाइम क्यू-१० तयार होतं, आणि मायटोकॉन्ड्रियाला ते लागतं. स्टॅटिन ही वाटच अडवतं, त्यामुळे रक्तातलं क्यू-१० कमी होतं. काहींचे स्नायू दुखतात, क्वचित खरोखर इजाही होते. पण २०२० साली आलेला एक गमतीदार प्रयोग आहे. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० लोकांना वर्षभरासाठी बारा डब्या दिल्या, महिन्याला एक. चार डब्यांत स्टॅटिन, चारांत रिकाम्या गोळ्या, चार डब्या नुसत्याच मोकळ्या. गोळी नसलेल्या महिन्यांत त्रास कमी होता. पण स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास वाढला, त्याचा नव्वद टक्के भाग रिकाम्या गोळीच्या महिन्यांतही होता! म्हणजे दुखणं खोटं नव्हतं, पण बरंचसं गोळीच्या भीतीचं होतं. वडिलांच्या मांड्या खरंच दुखत असतील तर सीपीके ही रक्ततपासणी करून घ्या, डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. आपल्या मनाने बंद करायची नाही.

आता मायटोकॉन्ड्रिया. शाळेत ‘तंतुकणिका, पेशीचं ऊर्जाकेंद्र’ एवढं पाठ करून आपण एक मार्क घेतलेला असतो. खान्देशात हे समजवायला मला दीपनगरचं वीजकेंद्र बरं पडतं. भुसावळकडे जाताना त्या चिमण्या सगळ्यांनी पाहिल्यात. आता सांगा, तुमच्या घरात अंधार झाला तर तुम्ही ‘दीपनगर बंद पडलं’ म्हणता का? आधी फ्यूज बघता, मग डीपी जळाली का ते विचारता, मग लाइन कुठे तुटली ते शोधता. वीजकेंद्र खरोखर बंद पडलेलं असणं ही सगळ्यात शेवटची शक्यता. केंद्रवाल्यांनी मात्र पहिल्या झटक्यात दीपनगरवरच बोट ठेवलं.

तुमच्या वडिलांचं वीजकेंद्र त्या सकाळपर्यंत चालू होतं. कोळशाची गाडी वाटेत अडकली. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळीही तो एकूण प्राणवायूच्या सुमारे वीस टक्के खातो, आणि साठा म्हणाल तर जवळजवळ नाहीच. धमनीत गुठळी अडकली की मधल्या भागातली ऊर्जा काही मिनिटांत संपते. पेशीच्या भिंतीतले पंप थांबतात, मीठ-पाणी आत शिरतं, पेशी फुगते, कॅल्शियमचा लोंढा येतो. पण त्या मधल्या भागाभोवती एक पट्टा असा असतो जिथे शेजारच्या बारीक वाहिन्यांतून थोडं रक्त येत राहतं. कमी व्होल्टेजवर पिवळा बल्ब मिणमिणतो, तसा. त्या पट्ट्यातल्या पेशींचं काम थांबलेलं असतं, पण त्या जिवंत असतात. गुठळी विरघळवण्याचं साडेचार तासांच्या आतलं इंजेक्शन आणि मोठ्या धमनीतली गुठळी तारेने ओढून काढणं, हे दोन्ही त्या मिणमिणत्या पट्ट्यासाठी. मोठी धमनी बंद पडली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी जातात असा एक हिशेब आहे.

मायटोकॉन्ड्रिया वाचवण्याचा खरा उपचार तो होता, आणि त्यातल्या इंजेक्शनची वेळ त्या दिवशी सकाळी साडेदहाला संपत होती. हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही. ओपीडीत मला हे आठवड्यातून दोन-तीनदा ऐकावं लागतं, आणि कुणीही मुद्दाम उशीर केलेला नसतो. घरात आणखी बीपी-शुगरवाले असतील, त्यांच्यासाठी लिहितो: तोंड वाकडं, हात गळाला, जीभ जड झाली, की घड्याळात वेळ बघायची आणि सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्याकडे गाडी काढायची. वाटेत दुसरं कुठलंही गाव नाही.

इथे मायटोकॉन्ड्रियाची गोष्ट थोडी गुंतते, आणि हाच भाग मला सगळ्यात रंजक वाटतो. शेतकऱ्याला हे लगेच कळेल. लोडशेडिंगनंतर लाइट येते तेव्हा ऑटो स्विचवर ठेवलेल्या साऱ्या मोटारी एकदम सुरू होतात, व्होल्टेज खाली-वर होतं, आणि मोटार जळते ती नेमकी तेव्हा. अंधारात नाही, लाइट आल्यावर. पेशीतही तसंच होतं. उपाशी राहिलेल्या मायटोकॉन्ड्रियावर एकदम प्राणवायू आदळला की त्याची पायऱ्या-पायऱ्यांनी ऊर्जा बनवणारी साखळी गळायला लागते, त्यातून फ्री रॅडिकल्स नावाचे जहाल कण बाहेर पडतात. आत कॅल्शियम आधीच भरलेलं. मग त्याच्या आतल्या पडद्यात एक छिद्र उघडतं, ते फुगून फाटतं आणि सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन बाहेर सांडतं. पेशीसाठी हा ‘आता आटप’ असा निरोप असतो. म्हणजे वीज पुरवणारा तोच, आणि मरणाचा हुकूम देणाराही तोच.

एवढं कळल्यावर संशोधकांनी सरळ विचार केला: रक्त सुरू होतानाच या मोटारीला स्टॅबिलायझर लावू. उंदरांत झकास चाललं. माणसांत? एनएक्सवाय-०५९ नावाचं औषध २००६ मध्ये लकव्यात आशादायक दिसलं, २००७ मध्ये मोठ्या चाचणीत आपटलं. ते छिद्र बंद करणारं सायक्लोस्पोरिन हृदयविकाराच्या ९७० रुग्णांना देऊन पाहिलं, २०१५ मध्ये निकाल आला, फायदा शून्य. मेंदूच्या पेशी वाचवायला म्हणून देतात ते सिटिकोलीन २,२९८ रुग्णांवर तपासलं गेलं, २०१२ मध्ये निकाल तोच. तरी आपल्याकडच्या कितीतरी डिस्चार्ज कार्डांवर सिटिकोलीन असतं, बहुधा तुमच्याही असेल. मीही पहिली काही वर्षं सवयीने लिहायचो. एडाराव्होन हे फ्री रॅडिकल शोषणारं औषध जपानमध्ये २००१ पासून लकव्यात वापरतात, आपल्याकडेही वापरतात, पण पहिल्या काही दिवसांत.

उंदीर आणि माणूस यांत फरक काय? उंदीर तरुण, निरोगी, त्याची धमनी कुठल्या मिनिटाला बांधली ते ठाऊक, औषध तासाभरात. माणूस ५८ वर्षांचा, वर्षानुवर्षांची शुगर, बिडी, आणि नऊ तासांनी आलेला. शिवाय तुमच्या बाबतीत आता अडीच महिने उलटलेत. एमआरआय पुन्हा काढला तर त्या जागी एक पोकळी दिसेल, पाण्याने भरलेली. तिथे पेशीच उरल्या नाहीत, तर सलाईनमधलं औषध बॅटरी कुणाची चार्ज करणार? यापुढची सुधारणा होते ती शेजारच्या वाचलेल्या पेशींनी नवे रस्ते काढल्यामुळे, आणि ते रस्ते पडतात वापराने. अमळनेरकडच्या एका आजोबांनी मला एकदा सांगितलं, “डॉक्टर, पाय मनाच शे, पन मनं आयकत नही.” (पाय माझाच आहे, पण माझं ऐकत नाही.) त्याला ऐकायला शिकवणं म्हणजे फिजिओथेरपी. ते दहा सलाईनमध्ये होत नाही, हजार वेळा पाय उचलून होतं.

रक्तवाहिन्यांची बाजू राहिली. लकवा एका सकाळी आला तरी त्याची तयारी पंधरा-वीस वर्षं चालू असते. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींना साखर आत येऊ द्यायची की नाही हे फारसं ठरवता येत नाही. रक्तात वाढली की आतही वाढते. जास्तीचं इंधन मायटोकॉन्ड्रियात शिरलं की गळती वाढते, आणि त्यातून निघणारं सुपरऑक्साइड हे वाहिनी सैल ठेवणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडला गिळून टाकतं. वाहिनी ताठ होते, खडबडीत होते, तिच्यावर चरबी आणि गुठळी बसायला जागा मिळते. बिडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइड थेट मायटोकॉन्ड्रियाच्या शेवटच्या पायरीवर घाव घालतात. बिडी सुटली का, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

मग अँटिऑक्सिडंट, म्हणजे फ्री रॅडिकल्स शोषणारी द्रव्यं, घेतली की झालं! असंच सगळ्यांना वाटलं होतं. २००२ साली ब्रिटनमध्ये २०,५३६ लोकांवर ई, सी आणि बीटा कॅरोटीन पाच वर्षं देऊन पाहिलं. हार्ट ॲटॅक तेवढेच, लकवे तेवढेच. २००९ मध्ये तर आणखी मजेशीर निघालं: व्यायाम करणाऱ्यांना रोज सी आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दिल्या, तर व्यायामाने इन्सुलिनचं काम जे सुधारायला हवं ते सुधारलंच नाही. कारण थोडीशी गळती हा पेशीसाठी निरोप असतो, ‘ताण पडतोय, आणखी मायटोकॉन्ड्रिया बनवा’. निरोप पुसला तर कामही होत नाही. म्हणून ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द डबीवर मोठ्या अक्षरात दिसला की मी चष्मा लावून मागची बाजू वाचतो.

इथपर्यंत वाचून वाटेल, डॉक्टरांना मायटोकॉन्ड्रियाच मान्य नाही. तसं नाही. काही घरांत खरोखर दीपनगरच बिघडलेलं असतं, आणि ते मी माझ्या चुकीतून शिकलो.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. यावल बाजूची १७ वर्षांची मुलगी. उंचीने लहान, डोकं दुखून उलट्या, आणि आता फिट्स. मी मायग्रेन आणि फिट्स असं मानून व्हाल्प्रोएट सुरू केलं. चांगलं, स्वस्त, रोजच्या वापरातलं औषध. तीन आठवड्यांनी तिला उचलून आणली. सुस्त, फिट्स वाढलेल्या, आणि उजवीकडचं काहीच दिसत नव्हतं. एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागात लकव्यासारखा पांढरा डाग. पण धमन्यांचा नकाशा आम्हाला पाठ असतो, कोणती बंद पडली की कुठवर डाग जातो ते. हा डाग कुठल्याच धमनीच्या हद्दीत बसत नव्हता. मी आईशी बोलायला लागलो, तर ती प्रत्येक वाक्याला कान पुढे करून “काय म्हनता?” विचारत होती. वय ३८, ऐकू कमी, चार वर्षांपासून शुगर. आजीलाही ऐकू यायचं नाही. तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. रक्तातलं लॅक्टेट तपासलं (मायटोकॉन्ड्रिया नीट चालत नसले की ते वाढतं), चांगलंच वाढलेलं. पुढे जनुकीय तपासणीत नक्की झालं: मेलास, मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतल्या दोषाने होणारा आजार.

मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो, १६,५६९ अक्षरांचा, फक्त ३७ जनुकांचा, आणि तो आईकडूनच येतो. या घरात ३२४३ क्रमांकाचं एक अक्षर बदललेलं होतं. आईत बिघडलेल्या प्रतींचं प्रमाण कमी, म्हणून शुगर आणि बहिरेपणावर भागलं. मुलीत जास्त, म्हणून मेंदू. अशा आजारात व्हाल्प्रोएट घातक ठरू शकतं, ते मायटोकॉन्ड्रियाच्याच कामात अडथळा आणतं. मी ते बंद करून लेव्हेटिरॅसेटाम दिलं, झटक्यात आर्जिनिन दिलं, आणि ऐका, तिला मी कोएन्झाइम क्यू-१०, कार्निटिन आणि रायबोफ्लेविनही लिहिलं. म्हणजे तुमच्या केंद्रवाल्यांच्या पावडरीत असेल, जवळपास तेच. आईचं मेटफॉर्मिन बदलायला लावलं, कारण त्याने लॅक्टिक ॲसिड वाढण्याची भीती असते. मुलगी पूर्ण बरी झाली नाही, पण स्थिरावली. तिच्या बाबतीत सगळ्यात मोठा फायदा नवीन औषधाचा नव्हता, मी दिलेलं चुकीचं औषध थांबवल्याचा होता. तेव्हापासून तरुण माणसाला लकवा म्हटलं की मी आईची, मावशीची, मामाची चौकशी करतो. (आणि पोरगं धडगाव-अक्कलकुव्याकडचं असेल तर त्याआधी सिकलसेलची तपासणी. सातपुड्यात लहान मुलांच्या लकव्याचं ते कारण कुणी विसरू नये.)

त्या आईने नंतर विचारलं होतं, हिच्या पोटी पोर झालं तर? तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. ब्रिटनने २०१५ मध्ये दात्या स्त्रीच्या बीजांडातले निरोगी मायटोकॉन्ड्रिया वापरायला कायद्याने परवानगी दिली, आणि २०२५ मध्ये तिथे अशा पद्धतीने आठ बाळं जन्मल्याचं जाहीर झालं. मायटोकॉन्ड्रियावरचा अस्सल उपचार म्हणावा तर हा, आणि तो सलाईनच्या बाटलीतून येत नाही.

आता आत्या. कंपवाताच्या बाबतीत मायटोकॉन्ड्रियाची शंका सगळ्यात पक्की आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात काही तरुण नशेबाज अचानक पुतळ्यासारखे ताठ झाले, साठीतल्या कंपवाताच्या रुग्णांसारखे. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट नशेत एमपीटीपी नावाचं द्रव्य मिसळलेलं होतं, आणि ते मेंदूच्या नेमक्या त्याच पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाची पहिली पायरी बंद पाडतं. पुढे पिंक-१ आणि पार्किन ही जनुकं सापडली, त्यांचं काम खराब मायटोकॉन्ड्रिया मोडीत काढणं. रोटेनोन आणि पॅराक्वाट या फवारणीच्या द्रव्यांचाही कंपवाताशी संबंध दिसला आहे. फवारणी करताना तोंडाला नुसता गमछा बांधून भागत नाही, हे यानिमित्ताने सांगतो. हातमोजे घाला, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

इतकी पक्की शंका, तर उपचारही लागू पडायला हवा होता. क्यू-१० चे १,२०० आणि २,४०० मिलिग्रॅम असे दणदणीत डोस ६०० रुग्णांना देऊन पाहिले, उपयोग होत नाही म्हणून चाचणी मध्येच थांबवली, २०१४ मध्ये निकाल छापून आला. क्रिएटिन १,७४१ रुग्णांना दिलं, तेही थांबवलं. एक वस्तू बिघडलेली दिसली म्हणजे बाहेरून तिचा माल ओतला की ती दुरुस्त होते, असं नसतं. आत्यांच्या बाबतीत मी आधी हे विचारेन की लेव्होडोपाची, म्हणजे कंपवाताची मुख्य, गोळी त्या कधी घेतात. डाळभात-दुधाबरोबर घेत असतील तर जेवणातली प्रथिनं तिला आत शिरू देत नाहीत. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घेऊन बघा, डॉक्टरांना विचारून. कित्येकांचा ‘औषध लागू पडत नाही’ हा प्रश्न एवढ्यावर सुटतो.

न्यायाने हेही सांगायला हवं की क्यू-१० अगदीच निरुपयोगी नाही. हृदय कमकुवत झालेल्या ४२० रुग्णांवरच्या एका अभ्यासात, २०१४ चाच, दोन वर्षांत त्याचा फायदा दिसला. लहान अभ्यास आहे, पण आहे. आणि खराखुरा ‘मायटोकॉन्ड्रिया बदलणं’ हा विषयही हवेतला नाही. २०१६ मध्ये उंदरांत दिसलं की लकव्यानंतर मेंदूतल्या मदतनीस पेशी आपले मायटोकॉन्ड्रिया शेजारच्या चेतापेशींना उसने देतात. २०१७ मध्ये बोस्टनमधल्या शल्यविशारदांनी हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर खालावलेल्या पाच मुलांना त्यांच्याच स्नायूतले मायटोकॉन्ड्रिया काढून हृदयात टोचल्याचा अनुभव छापला. लकव्यात माणसांवर अजून ‘हे सुरक्षित आहे का’ एवढंच बघणं चालू आहे. उद्या हे उभं राहिलं तर मीच तुम्हाला फोन करेन. आज कुणी ते विकत असेल तर तो दुसरंच काहीतरी विकतो आहे.

तर ६२ हजार. त्यातून फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा घरी येईल, बरेच महिने. संडास-बाथरूमच्या भिंतीला पकडायला दांडा बसवा, लकवा झालेली माणसं जास्त तिथेच पडतात. दीड-दोन हजारांचं बीपीचं मशीन घ्या, वहीत लिहून ठेवा, १३० वर ८० च्या आत ठेवायचं ध्येय तुमच्या डॉक्टरांबरोबर ठरवा. रक्तातलं बी-१२ तपासा. हे मी उगाच सांगत नाही: बी-१२ चं एक रूप थेट मायटोकॉन्ड्रियात काम करतं, शाकाहारी घरांत ते कमी सापडतं आणि शुगरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की आणखी घसरतं. एक मास्तर माझ्याकडे आले होते, म्हणाले, “चप्पल पायातून निसटते आणि मला चार पावलं पुढे गेल्यावर कळतं.” बी-१२ फारच कमी होतं. काही इंजेक्शनांनी पाय पुन्हा जमीन ओळखायला लागले. वडिलांची चप्पल निसटते का, बघा.

आणि मायटोकॉन्ड्रिया वाढवणारं औषध हवंच असेल तर ते चालणं आहे. व्यायामाने स्नायूंतले मायटोकॉन्ड्रिया वाढतात हे उंदरांत १९६७ मध्येच दाखवलं गेलं, नंतर माणसांतही. ओट्यापासून गोठ्यापर्यंत सकाळी दोन खेपा, संध्याकाळी दोन. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, आधी पाच वेळा, मग दहा. शेजारी कुणीतरी उभं राहा. हृदयाची तपासणी झालेली नसेल तर आधी ती. मे महिन्यात सकाळी सातनंतर बाहेर काढू नका, आपल्याकडचं ४५ अंशाचं ऊन आणि कमी पाणी हे रक्त घट्ट व्हायला पुरेसं असतं.

शेवटी तुमचं ते वाक्य, ‘अंगात जीव नाही’. केंद्रवाल्यांनी त्याला बॅटरी म्हटलं आणि तुम्हाला ते पटलं, कारण दिसतं तसंच. पण लकव्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. काल बागेत घड मोजणारा माणूस आज शर्टाचं बटण लावायला बायकोला हाक मारतो. विनाकारण रडतात का, जेवण कमी झालंय का, नातवंडं आली तरी मान वर करत नाहीत का, हे डॉक्टरांना सांगा. त्यावर गोळ्या आहेत आणि चांगल्या लागू पडतात. दुसरी शक्यता झोपेची. लकव्यानंतर झोपेत श्वास अडकण्याचा त्रास पुष्कळांना असतो, आणि मग रात्रभर मेंदूला प्राणवायूचं लोडशेडिंग चालू राहतं. आज रात्री जेवणं झाल्यावर त्यांच्या खाटेशेजारी अंथरूण टाका. घोरणं मध्येच एकदम थांबतं का, दहा-पंधरा सेकंद काहीच आवाज नाही आणि मग धापा टाकल्यासारखा श्वास येतो का, ते ऐका. तसं असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा आणि पुढच्या तपासणीला तेच डॉक्टरांना ऐकवा.